अंबोसेलीची खतावणी

जमिनीवरील सर्वांत मोठ्या प्राण्याचे छायाचित्र काढणे ही सर्वांत सोपी गोष्ट असावी, असे कोणालाही वाटेल. वाघ दिसावा म्हणून चार-चार दिवस जंगल पालथे घालावे लागते. पक्षी पानाआड दडतो. हत्ती मात्र समोर डोंगरासारखा उभा असतो. तरीही आफ्रिकेहून परतणाऱ्या प्रवाशांच्या शेकडो छायाचित्रांत हत्ती असूनही नसतो. राखाडी रंगाचा एक मोठा ठिपका, मागे पांढरे पडलेले आकाश आणि कोपऱ्यात दुसऱ्या गाडीचे टप एवढेच हाती लागते. घरी चहाच्या वेळी पाहुण्यांना ती चित्रे दाखवताना शेवटी सांगावे लागते, ‘प्रत्यक्षात फार भव्य दिसत होते हो!’

पुण्याच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे भुसार मालाची आडत चालवलेल्या एका व्यापाऱ्याची आणि त्यांच्या पत्नीची केनियातील सफर याच भीतीने सुरू झाली. गादी मुलांच्या हाती सोपवून झाली होती. कॉलेजात असताना लागलेला छायाचित्रणाचा नाद इतकी वर्षे दिवाळीच्या वहीपूजनापुरता आणि नातवंडांच्या वाढदिवसांपुरता उरला होता. तो आता पुरा करावा, असे घरच्यांनीच सुचवले. फेब्रुवारी महिना ठरला. पर्युषण आणि चातुर्मास दूर होते, तिकडे कोरडा हंगाम होता आणि वैशाखात मोठ्या नातीचे लग्न असल्यामुळे त्याआधी परत येणेही भाग होते.

तयारी व्यापाऱ्याच्या घरात होते तशीच झाली. यादी करून, मोजून, वजन करून सामान भरले. खाकरे, भाजलेले चणे आणि सुका मेवा एका पिशवीत. कॅमेरा आणि १०० ते ४०० मिलिमीटरचे झूम भिंग दुसऱ्या पिशवीत. केनियाने २०१७ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, हे वाचून पत्नीने खाऊसाठी सगळ्या पिशव्या कापडाच्या शिवल्या. त्यांतच मांजरपाटाची एक जाड पिशवी होती, रिकामी. जंगलात गाडीच्या खिडकीवर कॅमेरा टेकवायला तिपाई चालत नाही. धान्याने भरलेली पिशवी चालते. तीन किलो धान्य विमानातून नेण्यात अर्थ नव्हता. नैरोबीत भारतीय किराणा दुकानांची वाण नाही. तिथेच मूग घेऊन पिशवी भरली. गाडीचालक तोच त्यांचा वाटाड्या होता. पिशवी चाचपून तो हसला आणि म्हणाला, ‘न्देंगू!’ त्याच्या घरीही मूग शिजत असत. पुढच्या तीन दिवसांच्या मैत्रीला ते मूग पुरले.

अंबोसेली राष्ट्रीय उद्यान केनियाच्या दक्षिण सीमेला लागून आहे. क्षेत्रफळ अवघे ३९२ चौरस किलोमीटर. मासाई भाषेत या नावाचा अर्थ खारट धुळीची जागा असा सांगतात, आणि पहिल्याच तासात तो अंगावर, भुवयांवर आणि डब्यातल्या खाकऱ्यावरही येऊन बसतो. जुन्या तळ्याचा कोरडा तळ मैलोगणती पसरलेला आहे. पलीकडे, टांझानियाच्या हद्दीत, ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो उभा आहे. पर्वत परक्या देशात असला, तरी पाणी तो इकडे पाठवतो. त्याच्या उतारावर पडलेला पाऊस आणि वितळलेले बर्फ सच्छिद्र खडकांत मुरते आणि जमिनीखालून वाहत येऊन अंबोसेलीत झऱ्यांच्या रूपाने वर येते. एन्कोंगो नारोक आणि लोंगिन्ये या हिरव्यागार पाणथळी अशा झाल्या आहेत. आभाळ कोरडे असतानाही त्या आटत नाहीत. म्हणूनच हत्ती इथे आहेत.

त्यांचा दिनक्रम बाजारपेठेइतका नियमित असतो. रात्री ते आसपासच्या झुडुपांच्या रानात चरतात, सकाळी रांगेने कोरडे मैदान ओलांडून पाणथळीत उतरतात आणि सायंकाळी परत फिरतात. किलिमांजारोचेही वेळापत्रक आहे. पहाटे तो स्वच्छ दिसतो, ऊन चढले की ढगांआड जातो, कधीकधी संध्याकाळी पुन्हा दर्शन देतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात, धुळीच्या मैदानावर, पर्वताच्या पायथ्याशी चालणारी हत्तींची रांग हे जगभर पोहोचलेले चित्र म्हणजे या दोन वेळापत्रकांची गाठ आहे. ती तासाभरात सुटते.

पहिल्या दिवशी व्यापाऱ्यांनी चारशेहून अधिक चित्रे काढली आणि रात्री त्यांतली सहा ठेवली. वाटाड्याने दुसऱ्या दिवशी न बोलताच धडे दिले. हत्तीच्या मागे लागायचे नाही. तो जिथे जाणार आहे तिथे आधी जाऊन, इंजिन बंद करून थांबायचे. गाडीच्या उघड्या छतातून खाली पाहिले की हत्ती लहान दिसतो; खिडकीतून, त्याच्या गुडघ्यांच्या पातळीवरून पाहिले की त्याची उंची कळते. धुळीत भिंग बदलायचे नाही. पांढऱ्या मैदानावर कॅमेऱ्याचे गणित चुकते आणि हत्ती काळवंडतो, म्हणून प्रकाश थोडा वाढवून घ्यायचा. कळपाची घाई झाली की ‘पोले पोले’, म्हणजे सावकाश, एवढेच तो म्हणे. ज्या माणसाने उभे आयुष्य ‘माल आत्ता उचला, भाव चढतोय’ असे फोनवर सांगण्यात घालवले, त्याला हा शब्द पचायला एक दिवस लागला.

सावकाश पाहिले की हत्ती दिसू लागतो. पाणथळीतून बाहेर आलेल्या हत्तीच्या अंगावर पाण्याची रेघ असते. खाली काळा, वर राखेच्या रंगाचा, जणू कोणी अर्ध्यावर रंगवून सोडला आहे. पायांशी गायबगळे चालतात, थेट आपल्या शेतात नांगरामागे चालावेत तसे. आपल्या हत्तीपेक्षा याचे कान फार मोठे, पाठ मध्ये खोलगट, आणि सोंडेच्या टोकाला एकाऐवजी दोन बोटे. आपल्याकडे मोठे सुळे नरालाच असतात. आफ्रिकी सवाना हत्तींत नर आणि मादी दोघांनाही. कळप माद्यांचा असतो. वयाने आणि अनुभवाने सर्वांत मोठी मादी पुढे चालते. पाणी कुठे आहे, कोणत्या वाटेवर धोका आहे आणि मागच्या दुष्काळात कुठे गेलो होतो, याची आठवण तिच्यापाशी असते. व्यापारी पत्नीला म्हणाले, ‘अगं, ही तर आपली मोठी आई.’ पत्नी म्हणाल्या, ‘मोठी आई पुढे चालत नव्हत्या हो, तुमच्या घरात. मागे चालूनच सगळ्यांना चालवत होत्या.’

मोठ्या आईचे नाव निघाले आणि दोघेही गप्प झाले. कारण जे पुण्यात मागे ठेवून आलो असे वाटत होते, ते त्या नावासरशी गाडीत येऊन बसले.

घरात मोठ्या आईचा हस्तिदंती चुडा होता. ती मारवाडातून लग्न होऊन आली, तेव्हा हातात घालून आलेला. पांढऱ्या रंगावर काळाची पिवळसर झाक चढलेला, कडेला लाल रेघा असलेला. बँकेच्या लॉकरात, मलमलीच्या फडक्यात तो पडून होता. नातीच्या लग्नात तो शकुन म्हणून एक दिवस तरी तिच्या हातात असावा, अशी व्यापाऱ्यांच्या थोरल्या बहिणीची इच्छा होती. इच्छा म्हणण्यापेक्षा आग्रहच. त्या घरात पंचाहत्तरी ओलांडलेल्या आक्कांचा शब्द मोडण्याची रीत नव्हती. नातीने एकदाच विचारले होते, ‘आजोबा, हा कशाचा असतो?’ ‘हस्तिदंताचा’ असे उत्तर देऊन त्यांनी विषय बदलला होता. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. पण तो तिच्या चेहऱ्यावर होता.

तो प्रश्न फार मोठ्या इतिहासाचा आहे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतला हस्तिदंत झांझिबार बेटावर जमा होई. आतल्या मुलुखातून तो माणसांच्या खांद्यांवरून किनाऱ्यावर येई आणि त्या काफिल्यांत गुलामही असत. झांझिबारच्या व्यापारात कच्छी पेढ्यांचे मोठे भांडवल होते. तिथून माल मुंबई बंदरात उतरे. त्याचा काही भाग लंडनला जाई, काही कच्छ, काठेवाड आणि राजपुतान्यातील कारागिरांकडे. आफ्रिकी हत्तीचा सुळा मोठा आणि जाड; त्यातून बांगडी चांगली निघते, म्हणून आपल्याकडे त्याला मागणी. युरोप-अमेरिकेत त्याच सुळ्यांतून पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू होत. मागणी करणाऱ्या कोणाच्याही दारात हत्ती मरत नव्हता. दूरच्या मालाचा हाच गुण असतो. त्याचे रक्त वाटेतच सुकते.

या व्यवहाराविषयी आपल्याकडे फार जुना शब्द आहे. ‘उपासकदशांग’ सूत्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी आहे. तीत पाच व्यापार नावानिशी सांगितले आहेत: दंत, लाख, रस, केस आणि विष. पहिलाच ‘दंतवाणिज्य’. यादीतली सगळी नावे पाठ असणाऱ्या घरांतही चुडा हा व्यापार नसून सौभाग्य आहे, असे समजून दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या. विकणारा निराळा आणि घालणारी निराळी. पण सुळा एकच.

विसाव्या शतकात त्याचा हिशेब पुढे आला. १९७० च्या दशकात हस्तिदंताचे भाव चढले आणि बंदुका स्वस्त झाल्या. १९७९ च्या सुमारास आफ्रिकेत अंदाजे तेरा लाख हत्ती होते. दहा वर्षांत ते सुमारे सहा लाखांवर आले. एकट्या केनियात १९८९ पर्यंत जेमतेम सोळा हजार उरले. त्या वर्षी जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी नैरोबी राष्ट्रीय उद्यानात जप्त केलेल्या बारा टन हस्तिदंताला जाहीर आग लावली. ऑक्टोबरमध्ये वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या साइट्स करारातील देशांनी आंतरराष्ट्रीय हस्तिदंत व्यापार बंद करण्याचे ठरवले आणि १९९० पासून बंदी अमलात आली. भारताने १९८६ च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद केला. ३० एप्रिल २०१६ रोजी केनियाने पुन्हा १०५ टन हस्तिदंत जाळला.

वाटाड्याने त्या आगीची गोष्ट सांगितली, तेव्हा व्यापाऱ्यांतला व्यापारी जागा झाला. कोट्यवधींचा माल जाळला? विकून त्या पैशांत रखवालदार नेमता आले नसते का? वाटाड्याने थोडा विचार करून उत्तर दिले. ज्या मालाला बाजारात भाव आहे, तो आणण्यासाठी कोणीतरी निघतोच. सरकारच विकू लागले, तर चोराचा माल आणि सरकारचा माल ओळखायचा कसा? व्यापारी गप्प झाले. खोट्या मालाने खरा बाजार कसा बुडतो, हे त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. जाळल्याने भाव मरतो की चढतो, यावर अर्थशास्त्रज्ञ वाद घालतात. पण हस्तिदंत हा विकायचा मालच नव्हे, हे एखाद्या देशाने एवढ्या किमतीने सांगावे, याचे वजन त्यांना कळले.

तिसरा दिवस सूर्योदयापूर्वीच सुरू झाला. उद्यानाचे दार सहाला उघडते. तळ्याच्या कोरड्या पात्राजवळच्या वाटेवर गाडी उभी राहिली. मुगाची पिशवी खिडकीवर, कॅमेरा पिशवीवर. पर्वत गुलाबी झाला होता. कळप दूरवर धुळीच्या पट्ट्यासारखा दिसला आणि हळूहळू त्या पट्ट्याला पाय फुटले. चौदा हत्ती. पुढे एक वृद्ध मादी, लांब पातळ सुळ्यांची, गालाची हाडे वर आलेली. मध्ये तीन पिल्ले. एक तर इतके लहान की आईच्या पोटाखालून सहज जात होते. दोनशे पावलांवर, दीडशेवर, शंभरवर. चाळीस वर्षांत हुकलेली सगळी चित्रे जणू एका रांगेत चालत येत होती.

कळपाच्या मागे, बऱ्याच अंतरावर, एक मोठा नर होता. त्याच्या डोळ्यामागून मद वाहत होता आणि मागचे पाय ओले होते. मदमस्त हत्ती आपल्या माहुतांना शतकानुशतके ठाऊक आहे. आफ्रिकी हत्तीही माजावर येतो, हे मात्र जॉयस पूल आणि सिंथिया मॉस यांनी याच अंबोसेलीत अभ्यास करून १९८१ साली शास्त्रीय जगापुढे मांडले. वाटाड्याने त्या नराकडे बोट दाखवून मान हलवली. त्याच्या जवळ जायचे नाही.

त्याच वेळी दुसरी एक गाडी वाट सोडून, धुरळा उडवत, त्या नराच्या दिशेने निघाली. वाट सोडून गाडी नेण्यास उद्यानात मनाई आहे. कदाचित तिच्यातही कोणी चाळीस वर्षे वाट पाहिलेला असेल. ती गाडी कळपाच्या आडून गेली आणि क्षणात रांग मोडली. हत्तिणी एकमेकींना पाठ लावून उभ्या राहिल्या, पिल्ले मध्ये गेली आणि वृद्ध मादी वळली. तिच्यासमोर आता दुसरी गाडी नव्हती, पुणेकरांची होती. तिने कान पसरले, डोके उंचावले. सोंड वर गेली. ती गाडीपासून साठ पावलांवर होती, मागे किलिमांजारो, भोवती सोनेरी धूळ. वन्यजीव छायाचित्रांच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर असते ते चित्र याहून निराळे नसते.

वाटाड्याचा हात किल्लीवर होता. त्याने हलक्या आवाजात विचारले, ‘म्झे, थांबायचे की मागे घ्यायचे?’ वडीलधाऱ्या माणसाला तिकडे असे संबोधतात. इंजिन सुरू केले, तर चित्र गेले. थांबले, तर बहुधा काही होणार नव्हते. असा आवेश पुष्कळदा केवळ इशाऱ्याचा असतो, हे वाटाड्यानेच आदल्या दिवशी सांगितले होते. पत्नी म्हणाल्या, ‘अहो, पिल्लू तिच्या मागे आहे.’ त्यांचा आवाज भ्यालेला नव्हता. एका आईने दुसरीविषयी सांगावे, तसा होता.

व्यापाऱ्यांनी कॅमेऱ्यावरून बोट काढले आणि म्हणाले, ‘मागे घ्या.’

गाडी सावकाश मागे गेली, पन्नास पावले, शंभर. मादीने कान मिटले. तिने जमिनीवरची मूठभर धूळ सोंडेने उचलून स्वतःच्या पाठीवर टाकली, जणू विषय संपला. कळप पुन्हा रांगेत आला आणि वाट ओलांडून पाणथळीकडे गेला. मोठे चित्र कॅमेऱ्यात नव्हते. होते ते त्याआधीचे एक. भिंग चुकून जास्त ताणले गेल्याने त्यात मादीचा फक्त डावा कान, डोळा आणि गालाचा भाग आला होता. सुळे चौकटीबाहेर राहिले होते.

दुपारी निरीक्षण टेकडीवर, जिथे गाडीतून उतरण्याची मुभा असते, वाटाड्याने ती चित्रे पाहिली. शेकडो चित्रांवरून अंगठा सरकवत तो त्या कानावर थांबला आणि म्हणाला, ‘हे कामाचे.’ कानाच्या खालच्या कडेला इंग्रजी ‘व्ही’सारखी एक खाच होती, वर दोन लहान भोके, आणि पातळ कातडीखाली शिरांचे जाळे. जशी माणसाच्या अंगठ्याची रेषा, तसा हत्तीचा कान.

सिंथिया मॉस आणि हार्वी क्रोझ यांनी १९७२ साली अंबोसेलीत हत्तींचा अभ्यास सुरू केला, तो याच खुणांवर. प्रत्येक हत्तीच्या कानांचे छायाचित्र, प्रत्येक कुटुंबाला अक्षरांचे नाव, त्या अक्षरावरून प्रत्येक सदस्याचे नाव. मग जन्म, मृत्यू, कोण कोणाची लेक, कोण कोणासोबत दिसली, याच्या नोंदी. पन्नास वर्षांहून अधिक काळ हे काम अखंड चालू आहे. व्यापाऱ्यांनी ते ऐकले आणि एका शब्दात सांगितले, ‘खतावणी!’ रोजमेळात दिवसाचे सगळे व्यवहार एकत्र पडलेले असतात. खतावणीत प्रत्येकाचे पान वेगळे उघडते. हत्तींची संख्या मोजणे हा रोजमेळ झाला. एकेका हत्तीचे पान उघडले, तेव्हाच मारला गेलेला हत्ती म्हणजे किलोंमधला हस्तिदंत न राहता कोणाची तरी आई ठरली.

त्या खतावणीतले एक प्रसिद्ध पान ‘एको’ नावाच्या मादीचे. १९९० साली तिला एली नावाचे पिल्लू झाले, त्याचे पुढचे पाय गुडघ्यांत दुमडलेले. त्याला उभे राहता येईना. कळप पुढे गेला. एको आणि तिची लहानगी मुलगी एनिड थांबल्या. पिल्लू गुडघ्यांवर रांगत राहिले, त्या त्याच्या चालीने चालत राहिल्या. काही दिवसांत त्याचे पाय सरळ झाले आणि ते चालू लागले. छायाचित्रकार मार्टिन कोलबेक यांनी एकोच्या कुटुंबावर चित्रपट केले, त्यामुळे ही हकिकत जगाने पाहिली. मे २००९ मध्ये, भीषण दुष्काळाच्या वर्षी, एको वार्धक्याने गेली. त्याच वर्षी इगोर नावाचा नर मारला गेला. दोनच वर्षांपूर्वी निक ब्रँट या छायाचित्रकाराने पाणी पिताना त्याचे चित्र टिपले होते. इतका शांत हत्ती की त्याने माणसाला जवळ येऊ दिले. मारेकऱ्यांनाही त्याचाच फायदा झाला असावा. ब्रँट यांनी २०१० साली रिचर्ड बॉनहॅम यांच्यासह ‘बिग लाइफ’ ही संस्था स्थापून स्थानिक मासाई तरुणांना रखवालीचे काम दिले.

संकट संपलेले नाही. केनियाने १९७७ सालीच शिकारीवर बंदी घातली. पण सीमेपलीकडे टांझानियात परवान्याने शिकार चालते आणि हत्तीला सीमा कळत नाही. उद्यानाभोवतीच्या जमिनींवर कुंपणे आणि शेते वाढत आहेत. पिके तुडवली गेली की ज्याचे नुकसान होते, त्याच्याकडून प्रेमाची अपेक्षा कशी करावी? तरीही २०२१ च्या गणनेत केनियात ३६,२८० हत्ती मोजले गेले. १९८९ च्या दुपटीहून अधिक. बुडीत गेलेले खाते इतके सावरलेले क्वचित दिसते.

त्या दिवशी सूर्यास्ताआधीचे जेवण टेकडीच्या पायथ्याशी, गाडीतच झाले. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साडेसहाच्या आगेमागे मावळतो आणि मुक्कामाच्या ठिकाणी जेवण सातनंतर सुरू होते. म्हणून स्वयंपाकघराने तिन्ही दिवस कंदमुळांविना केलेला डबा न विसरता सोबत दिला होता. परतताना पिशवीतले मूग त्याच स्वयंपाकघराला देऊन टाकले.

पुण्यात पोहोचल्यावर आक्कांशी बोलणे पत्नीने केले. हस्तिदंताचा कायदा सांगितला, यादीतला दंतवाणिज्य हा शब्द सांगितला आणि शेवटी मोबाइलवर ते कानाचे चित्र दाखवले. आक्कांनी ते बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, ‘आईच्या हातात होता म्हणून म्हणत होते. तिला तरी कुणी सांगितलं होतं का, कुठून आला ते?’ कोणी उत्तर दिले नाही. तडजोड म्हणून एका वहिनींनी लाखेचा चुडा सुचवला, तेव्हा आक्काच हसल्या आणि म्हणाल्या, ‘यादीत दंताच्या पुढे लाखच आहे गं!’ नातीच्या हातात वैशाखात हिरव्या काचेच्या बांगड्या आल्या. चुड्याविषयी वनखात्याकडे रीतसर विचारणा करायची, तोवर तो लॉकरातच ठेवायचा, असे ठरले. मोठ्या आईची आठवण नाकारायची नव्हती. ती पुढच्या हातात चढवायची नव्हती, एवढेच.

कानाचे ते चित्र मोठे करून आडतीच्या गादीमागे लावले आहे. येणारे व्यापारी आधी गोंधळतात, मग जवळ जाऊन पाहतात. खाच दिसते, भोके दिसतात, शिरांचे जाळे दिसते आणि कडेला लांब पापण्यांचा एक डोळा. नात सासरहून पहिल्यांदा आली, तेव्हा तीही त्याच्यासमोर उभी राहिली.

‘आजोबा, एवढी लांब गेलात आणि सुळेच आले नाहीत चित्रात?’

‘नाही आले,’ व्यापारी म्हणाले. ‘ते तिच्याकडेच आहेत.’